पेन्शन हाच भूमिहीनांचा सातबारा

आमच्या वस्तीतील एक काका अलीकडेच वयाच्या ५८ व्या वर्षी कामावरून घरी बसले. एकवीस वर्षे त्यांनी एकाच इमारतीच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून नोकरी केली. गेट तेच, खुर्ची तीच. ठेकेदार मात्र तीन झाले. पहिल्याकडे सात वर्षे, दुसऱ्याकडे सहा वर्षे आणि तिसऱ्याकडे आठ वर्षे चार महिने. ठेका संपला की ठेकेदाराचा माणूस फॉर्मवर सह्या घेई आणि काही दिवसांनी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हातात पडे. पहिल्या रकमेत मुलीचे लग्न झाले, दुसरीत घरावर पत्रे चढले. यावेळी काका पेन्शनची चौकशी करायला गेले, तेव्हा खिडकीमागून उत्तर आले, "तुमची सेवा आठ वर्षे भरते. पेन्शनला दहा लागतात." एकवीस वर्षांची आठ वर्षे कशी झाली, हे काकांना अजून उमगलेले नाही. त्यांनी आम्हाला विचारले, "माझी तेरा वर्षे कुणी खाल्ली?"

या प्रश्नाने आम्हाला झोप लागली नाही. कायद्याचे उत्तर सोपे आहे. काकांनी दोन वेळा पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले आणि त्यांची आधीची सेवा शून्य झाली. पण ज्या फॉर्मवर सही केली त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना कुणी सांगितले? ठेकेदाराने सांगितले नाही, कार्यालयाने सांगितले नाही. आणि ज्यांना हे माहीत होते ते आपल्यातलेच शिकले-सवरलेले लोक, बँकेतले, पोस्टातले, रेल्वेतले, तेही काकांच्या घरासमोरून रोज जयभीम करून पुढे गेले. या गप्प राहण्यात आम्हीही आलो. म्हणून आजचा हा लेख.

काही वाचक म्हणतील, चळवळीच्या पानावर पेन्शनचा हिशेब कशाला? हा विषय पैसेवाल्यांच्या वर्तमानपत्रांचा. अशा वाचकांना आम्ही चळवळीच्या उगमाकडे जाण्याची विनंती करतो.

पेन्शनरांनी उभी केलेली चळवळ

कोकणातले दापोली हे एकेकाळी लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांचे आणि अंमलदारांचे गाव होते. त्यांच्याकडे जमीनजुमला नव्हता. गावगाड्यात त्यांना प्रतिष्ठा नव्हती. पण दर महिन्याला सरकारी तिजोरीतून येणारी पेन्शन होती. ती कुणा पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. बलुत्यासाठी दारोदार उभे राहावे लागत नव्हते. गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक लष्करी पेन्शनर. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे, अनार्य दोष परिहार मंडळ स्थापन करणारे आणि महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज करणारे. पोटाची भ्रांत असलेल्या माणसाला हे सारे करता आले असते का, याचा विचार वाचकांनी करावा.

सुभेदार रामजी सकपाळ हेही पेन्शनर होते. निवृत्तीनंतर ते दापोलीला आले, पुढे साताऱ्याला आणि मग मुंबईत परळच्या चाळीत. बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग आहे आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. भीमाला पुस्तक हवे असे आणि रामजींच्या हाती पैसे नसत. मग ते लेकीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून तिला परत देत. या प्रसंगातून आपण आजवर रामजींची विद्येची ओढ सांगत आलो, आणि ते योग्यच आहे. पण सावकाराने दागिना कशाच्या भरवशावर सुटेल असे धरले होते? रामजींनी लेकीला कशाच्या जोरावर शब्द दिला होता? पहिल्या तारखेला येणाऱ्या पेन्शनच्या. ती निश्चित होती म्हणून कर्ज फिटत होते आणि पुस्तक घरात येत होते.

१८९२ साली इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. त्याचा अर्थ केवळ नोकरी गेली एवढाच नव्हता. एका पिढीनंतर दापोलीसारख्या गावांतली पेन्शनही आटणार होती. भरतीच्या मागणीसाठी आपले पूर्वज वर्षानुवर्षे अर्ज करत राहिले, त्यामागे हा हिशेबही होता.

बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे कधी नजरेआड केला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला आणि त्या कामातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा हा संपूर्णपणे सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मागणी केली. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते १९५६ मध्ये. संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, आजारपण आणि म्हातारपण यांत राज्याने नागरिकाला साहाय्य करावे असे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणजे म्हातारपणाची सोय हा दानधर्माचा विषय नाही, तो राज्याच्या कर्तव्याचा विषय आहे.

पेन्शन ही बक्षिसी नव्हे

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केली. पेन्शन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, ती कामगाराने आधीच केलेल्या सेवेचा राखून ठेवलेला मोबदला आहे, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणून आजही हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या समाजातील पहिली नोकरदार पिढी या पेन्शनवर उभी राहिली. राखीव जागांमुळे रेल्वेत, पोस्टात, वीज मंडळात, आयुधनिर्माणीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नगरपालिकेत जे लागले, त्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले, भावंडांना शिकवले आणि निवृत्तीनंतर मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता असे घेऊन सन्मानाने जगले. त्यांच्या मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले. आज आपल्यातले कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक हे एका शिपायाच्या किंवा सफाई कामगाराच्या पेन्शनवर शिकलेले आहेत.

सवर्ण शेतकऱ्याच्या घरी म्हातारपणी काही नसले तरी सातबारा असतो. त्यावर नाव असते, वारस लागतात, वेळप्रसंगी त्यावर कर्ज मिळते. आपल्याकडे महारवतनाच्या जमिनी होत्या, त्याही बहुतेकांच्या हातून गेल्या. बाकीचे पूर्वीपासून भूमिहीन. अशा समाजाचा सातबारा म्हणजे पेन्शन आणि पीएफचे पासबुक. हे एकदा मनात पक्के बसले की पुढच्या साऱ्या गोष्टी कळायला सोप्या जातात.

दार पुन्हा बंद होत आहे

१९९१ पासून देशात खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण अर्थात 'खाउजा' धोरण आले. त्याचा घाव राखीव जागांवर बसला, हे आपण ओरडून सांगितले. पण तोच घाव पेन्शनवर बसला, त्याकडे आपले लक्ष उशिरा गेले. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नोकरीत येणाऱ्यांसाठी (सैन्यदले वगळून) जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून तेच केले. जुन्या योजनेत पेन्शन किती मिळणार हे ठरलेले होते. नव्या योजनेत दरमहा किती कापणार हे ठरलेले आहे, शेवटी किती मिळणार हे बाजारावर अवलंबून आहे. साठीला जी रक्कम साठेल तिच्यातील किमान ४० टक्क्यांतून सरकारी कर्मचाऱ्याने विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यायची, आणि ती देईल ती पेन्शन.

मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. आठवडाभर कार्यालये थंडावली. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २५ वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि किमान १० वर्षे सेवा झाल्यास दरमहा किमान १०,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. म्हणजे संघटित कर्मचाऱ्यांनी रेटा लावला तेव्हा सरकार थोडे हलले. हा धडा महत्त्वाचा आहे. पण यातही अंशदान आहेच, जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आलेली नाही. आपल्या तरुण कर्मचाऱ्यांनी कोणता पर्याय घ्यायचा हे कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपली उरलेली सेवा, मूळ वेतन आणि जमा रक्कम मांडून ठरवावे. आपल्या संघटनेत बसून हा हिशेब करता येतो.

पण आपल्या समाजाचा मोठा भाग आता सरकारी आस्थापनेवर नाहीच. तो ठेक्यावर आहे. पूर्वी ज्या झाडूला नगरपालिकेची कायम नोकरी आणि पेन्शन होती, तोच झाडू आज ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. काम तेच, जातही बहुतेक तीच. पेन्शन मात्र गेली. मुंबईतील कचरा वाहतूक करणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा लढा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकावा लागला. १८९२ साली लष्कराचे दार बंद झाले होते. आज नगरपालिकेचे, शाळेचे, कारखान्याचे दार तसेच बंद होत आहे, फक्त हुकूम काढून नव्हे तर निविदा काढून.

ठेक्यावरील कामगाराने हे जाणून घ्यावे

वीस किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथे पीएफ लागू होतो, मग कामगार ठेक्याचा असला तरी. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ज्याच्यासाठी काम चालते त्या मूळ मालकावर, मग ती नगरपालिका असो की कंपनी, जबाबदारी येते. हे ठेकेदार कधी सांगणार नाही.

पगारातून १२ टक्के आपले कापले जातात आणि तेवढेच मालकाने आपल्या खिशातून भरायचे असतात. समजा पगार १२,००० रुपये आहे. आपले १,४४० रुपये आणि मालकाचे १,४४०. मालकाच्या या रकमेतील ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये, पेन्शन योजनेत जातात. उरलेले ४४० आपल्या पीएफ खात्यात. काही ठेकेदार मालकाचाही हिस्सा कामगाराच्याच पगारातून कापतात. हा उघड दरोडा आहे. पगाराची चिठ्ठी मागा, पासबुक तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. तिचे गणित असे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार कितीही असला तरी सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांचीच मर्यादा धरली गेली. १२,००० पगारावर १० वर्षे सेवा झाली तर १,७१४ रुपये, १५ वर्षे झाली तर २,५७१ रुपये. (सेवा २०१४ च्या आधीची असेल तर त्या काळापुरती मर्यादा ६,५०० ची होती, त्यामुळे आकडा कमी येतो.) किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. त्यावर महागाई भत्ता नाही. ही रक्कम किती तोकडी आहे हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको, किराणा दुकानदार पुरेसा आहे. देशभरातले पीएफ पेन्शनर ती वाढवून मागत वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत आहेत. त्या मोर्चात आपल्या संघटनांचे निळे झेंडे दिसले पाहिजेत.

मग एवढ्या थोड्या पेन्शनसाठी धडपड कशाला, असे कुणी म्हणेल. कारण ती तहहयात आहे, तिच्या मागे पत्नीला निम्मी मिळते आणि कामगार नोकरीत असताना दगावला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन सुरू होते, दोन मुलांना २५ व्या वर्षापर्यंत वेगळी मिळते. शिवाय पीएफला जोडलेल्या विमा योजनेतून सात लाख रुपयांपर्यंत रक्कम वारसांना मिळू शकते. आपल्या कितीतरी विधवा भगिनींनी हा अर्ज कधी केलेलाच नाही, कारण असा काही विमा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

आता सातबाऱ्याची उपमा पुढे नेऊ. शेतकरी जमिनीची खरेदी झाली की फेरफार नोंदवतो. आपण नोकरी किंवा ठेकेदार बदलला की पीएफ काढायचा नाही, नव्या खात्यात वर्ग करायचा. हाच आपला फेरफार. खात्याचा बारा अंकी यूएएन क्रमांक जन्मभर एकच ठेवायचा; नवा ठेकेदार नवा काढू म्हणाला तर जुना क्रमांक पुढे करायचा. सेवा जोडली जाते ती अशी. अगदीच नड असेल आणि दहा वर्षे झालेली नसतील, तर निदान पेन्शनचे पैसे काढू नका. फॉर्म १० सी भरून पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागा. ते पुढच्या नोकरीत दिले की जुनी वर्षे मोजली जातात. काकांनी दोन वेळा हा कागद मागितला असता तर त्यांची एकवीस वर्षे शाबूत राहिली असती. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, हेही लक्षात ठेवावे. साडेनऊ वर्षांवर असलेल्याने निराश होऊन पैसे काढू नयेत.

सातबाऱ्यावर वारस लागतात तसे पीएफला नामनिर्देशन लागते. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असते आणि वीस वर्षे ते कुणी पाहत नाही. मग घरात भांडण होते. नावांची दुसरी अडचण खास आपली आहे. धर्मांतरानंतर, किंवा जुने जातिवाचक वाटणारे आडनाव टाकून अनेकांनी आडनावे बदलली. ते स्वाभिमानाचे पाऊल होते. पण शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पीएफमध्ये तिसरे नाव राहिले तर म्हातारपणी खेटे घालावे लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींचेही तेच. राजपत्राची प्रत, दाखला आणि आधार एका पिशवीत ठेवून हे नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घ्यावे. जन्मतारखेचेही तसेच.

ज्यांना मालकच नाही

घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावरचे मजूर, रिक्षावाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनी, यांना मालक नाही म्हणून पीएफ नाही. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. वय १८ ते ४० असावे, आयकर भरणारा नसावा. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात, मागे जोडीदारालाही तेवढीच. ५,००० साठी १८ व्या वर्षी सुरू केल्यास महिन्याला २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. उशीर किती महाग पडतो ते या तीन आकड्यांत दिसते.

पण आम्ही वाचकांपासून दुसरी बाजू लपवणार नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या सुमारे ८७० रुपयांएवढी राहील. म्हणजे ही योजना आधाराची काठी आहे, घर नव्हे. तिच्यावर विसंबून सरकारला आपली जबाबदारी झटकू देता कामा नये.

राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि विधवा, निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ मध्ये या योजनांतील अनुदान १,००० वरून दरमहा १,५०० रुपये झाले. श्रावणबाळसाठी वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत अशी अट ठेवली गेली. २१,००० भागिले ३६५ करून पाहा. दिवसाला ५८ रुपये कमावणारे कुटुंब या अटीत बसत नाही! ही अट गरिबाला खोटा दाखला काढायला लावते आणि मग त्याच दाखल्यासाठी दलाल पैसे उकळतो. केंद्राचा वाटा तर ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी महिना २०० रुपये एवढाच ठेवला गेला. ४१ व्या कलमाची ही किंमत?

घरचा हिशेब

हक्कासाठी लढायचे ते लढायचेच. पण घरातली भोके बुजवणे आपल्याच हाती आहे. भगवान बुद्धांनी सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगताना मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश कोणत्याही विमा एजंटाच्या भाषणापेक्षा सरळ आहे. आठ-दहा हजारांत घर चालवणाऱ्याला चौथा भाग जमणार नाही, हे आम्ही जाणतो. विसावा भाग तरी जमेल.

लवकर सुरू करण्याचा फायदा केवढा आहे ते पाहा. दरमहा १,००० रुपये, वर्षाला ७ टक्के व्याजाने आणि दरमहा चक्रवाढ धरून, १५ वर्षे टाकले तर सुमारे ३ लाख १७ हजार होतात. तेच ३० वर्षे टाकले तर सुमारे १२ लाख २० हजार. काळ दुप्पट, रक्कम जवळजवळ चौपट. पंचविशीत नोकरीला लागलेल्या पोराने पहिल्या पगारात हप्त्यावर मोटारसायकल घेण्याआधी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पैसा कुठे ठेवायचा? पोस्टात आणि राष्ट्रीयीकृत बँकेत. पीपीएफ खाते वर्षाला ५०० रुपयांतही चालू राहते. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिच्यात साठीनंतर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. बँकेतील ठेवींना २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. 'दामदुप्पट'वाल्यांना तर उंबराही ओलांडू देऊ नये. निवृत्तीच्या महिन्यात हे लोक घराचा पत्ता शोधत येतात. दुःख याचे की त्यांतले काही आपलेच असतात आणि जयभीम घालून बसतात.

निवृत्तीला मिळालेली एकरकमी रक्कम तीन ठिकाणी जाते: लग्न, घराचा मजला आणि मुलाचा धंदा. तीनही गोष्टी गैर नाहीत. पण सारी रक्कम त्यांत ओतणे गैर आहे. बौद्ध पद्धतीचा विवाह साधा असावा, हे धर्मांतरानंतर आपण ठरवले होते. आज विहारात विधी साधा होतो आणि रात्री हॉलवर दोन वर्षांचा पीएफ संपतो. निवृत्त माणसाने आधी स्वतःच्या आणि पत्नीच्या दरमहा खर्चाची सोय लावावी, तीही दोघांच्या नावे. मग उरेल ते मुलांना द्यावे. ज्याच्या हाती दरमहा चार पैसे येतात, त्या म्हाताऱ्याला घरात मान असतो. रिकाम्या हाताच्या म्हाताऱ्याचे काय होते, ते लिहायला नको.

काय मागायचे, काय करायचे

आमच्या मागण्या साध्या आहेत. पीएफ पेन्शनची किमान रक्कम जगण्याएवढी करा आणि तिला महागाई भत्ता जोडा. ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा आपोआप जोडली जावी. पेन्शनचे पैसे देण्याआधी 'यामुळे तुमची वर्षे शून्य होतील' हे मराठीत ठळक छापून त्याला वाचून दाखवावे. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा वाढवा. सफाईसारख्या बारमाही कामातला ठेका बंद करा.

आणि एक मागणी आपल्याच लोकांकडे. समाजाचे ऋण फेडण्याच्या गोष्टी आपण जयंतीच्या व्यासपीठावर फार करतो. बँक, पोस्ट, रेल्वे, महसूल खात्यांतून निवृत्त झालेले कितीतरी कारकून, लेखापाल, अधिकारी आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना फॉर्म कळतात, कार्यालयाची भाषा कळते. त्यांनी महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर, विहारात एक टेबल टाकून बसावे. ज्यांना पासबुक पाहायचे असेल, वारसाचे नाव बदलायचे असेल, हयातीचा दाखला द्यायचा असेल, विधवेचा अर्ज भरायचा असेल, त्यांनी कागद घेऊन यावे. यासाठी ना वर्गणी लागते, ना मंडप.

आमच्या वस्तीत हे टेबल गेल्या दोन रविवारी लागले. पहिल्या रविवारी सात माणसे आली. त्यात काकांचा मुलगा होता. तोही सुरक्षारक्षक, दुसऱ्या ठेकेदाराकडे, वय एकतीस. त्याच्या खिशात पीएफ काढण्याचा फॉर्म होता, सही केलेला. निवृत्त पोस्टमास्तरांनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि त्याला पीएफ नव्या खात्यात वर्ग करण्याचा अर्ज भरून दिला. काका शेजारी बसून पाहत होते. त्यांची तेरा वर्षे परत येणार नाहीत. मुलाची सहा वाचली.